गार्सिनिया: आमसुलाचा भाऊ 'फॅट बर्नर' कसा झाला

मावसभावाच्या घरी फ्रिजवर एक पांढरा डबा आहे. ६० कॅप्सूल, वर छोट्या भोपळ्यासारख्या खाचांचं पिवळं फळ, त्याखाली 'गार्सिनिया, ६० टक्के एचसीए' आणि त्याहून मोठ्या अक्षरात 'फॅट बर्नर'. जिममधल्या कुणीतरी दिला, म्हणजे विकला. त्याच फ्रिजच्या दारात मालवणहून आलेली कोकम आगळाची बाटली. मावशीने चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "अरे, हे आपलं कोकमच ना? मग एवढे पैसे कशाला मोजलेस?" तर याचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण, आणि त्या हो-नाहीच्या मध्येच सगळी गंमत आहे, म्हणून जरा लांबवून लिहितोय.

आधी नाव. गार्सिनिया हे एका झाडाचं नाव नाहीच, ते आडनाव आहे. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका, मँगोस्टीन पण गार्सिनियाच, आणि डब्यावरचं पिवळं फळ म्हणजे गार्सिनिया कँबोजिया, ज्याला शास्त्रज्ञ आता गार्सिनिया गुम्मी-गुट्टा म्हणतात, केरळात कुडमपुळी आणि उत्तर कन्नडात उप्पगे. कोकम आणि उप्पगे दोन्हीच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं, तेच ते एचसीए. घोळ वाढवायला आपल्याकडे अजून एक नाव आहे, वृक्षाम्ल. आयुर्वेदात वृक्षाम्ल म्हणजे साधारण कोकमच धरतात, पण बाजारात वृक्षाम्ल लिहिलेल्या बाटलीत कित्येकदा कँबोजिया असतं. म्हणजे मावशी अगदीच चुकलेली नाही, भाऊ ओळखला, फक्त नाव दुसऱ्याचं घेतलं.

आता वजनाच्या गोळ्यांचा जुना भाग पटकन उरकतो. १८९०च्या दशकात थायरॉइडचा अर्क द्यायचे. मग पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार बारीक व्हायला लागले, घामाने निथळायला लागले, काही मेले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी त्याच रसायनाने वजन उतरतं असं छापलं आणि अंदाजे एक लाख अमेरिकनांनी ते घेतलं. यात खरंच जळायचं बरं का, पेशी अन्नातून जी ऊर्जा साठवतात ती साठवण्याऐवजी नुसती उष्णता होऊन निघून जायची. पण ताप किती चढेल यावर ताबा नाही, उतारा नाही, मोतीबिंदू व्हायचे, माणसं अक्षरशः आतून भाजून जायची. १९३८ मध्ये अमेरिकेत ते माणसाच्या पोटात जायला नालायक ठरलं, तरी आजही ऑनलाइन विकलं जातं आणि ब्रिटनने ते २०२३ मध्ये विषांच्या यादीत टाकलं. 'बर्नर' हा शब्द ज्याला शंभर टक्के लागू होतो ती वस्तू ही, आणि तिची ही गत.

गार्सिनियाची गोष्ट मात्र म्हैसूरला सुरू होते. किनाऱ्यावर मासे खारवताना उप्पगेची वाळलेली साल घालायचे, तिच्यातलं आम्ल सायट्रिक किंवा टार्टारिक असावं असा समज होता. १९६५ मध्ये म्हैसूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेतल्या दोघांनी दाखवलं की हे वेगळंच आहे. थोड्याच वर्षांत अमेरिकेत कळलं की हे आम्ल शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतं. झालं असं की पेशीत जास्तीच्या साखरेपासून आधी सायट्रेट बनतं, एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांपासून चरबी तयार होते. एचसीए दिसायला हुबेहूब सायट्रेटसारखं, म्हणून एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं ते एन्झाइमवर जागा धरतं आणि खऱ्या सायट्रेटला उभंच राहावं लागतं. १९७०च्या दशकात एका बड्या औषध कंपनीने उंदरांना देऊन बघितलं, उंदीर कमी खायला लागले, वजनही कमी वाढलं. पण औषध म्हणून ते काही बाजारात आलं नाही.

आता यात 'बर्न' कुठे आहे? मला तरी सापडत नाही. या थिअरीप्रमाणेच बघा, ती खरी धरली तरी गोळी नवीन चरबी बनू देत नाही एवढंच, जी आधीच कमरेवर आहे तिला हातही लावत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. साखरेवर पोसलेल्या उंदराचं जाऊ दे, आपल्यासारखं रोजचं मिश्र जेवण जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात भात-पोळीपासून नवीन चरबी बनते ती अगदी थोडी. वरणभातावर तूप घेतलं तर भात बहुतेक जळून जातो, आणि तो जळत असतो तोवर तुपाची जळायची पाळी येत नाही, ते तूप साठतं. म्हणजे एचसीए ज्या दारावर पहारा देतं त्या दारातून मुळात वर्दळच कमी. तसं बघायला गेलं तर चरबी चोवीस तास जळतच असते, तुम्ही झोपलात तरी, प्रश्न असतो तो रात्री वही उघडल्यावर जमा जास्त की खर्च जास्त याचा, आणि 'फॅट बर्नर' हा शब्द फक्त खर्चाचं पान दाखवतो. याच एका शब्दाखाली डायनायट्रोफिनॉलसारखी उष्णता करणारी, कॅफिनसारखी उत्तेजक, भूक मारणारी, चरबी बनणं अडवणारी अशी सगळी मंडळी एका रांगेत उभी केलीत. कॅफिनचंच घ्या, त्याचा परिणाम निदान मोजता येतो, १०० मिलिग्रॅमने अडीचेक तास शरीराचा बसल्या जागी होणारा खर्च ३-४ टक्के वाढतो. बसल्या जागी मिनिटाला साधारण एक कॅलरी धरली तर झाल्या पाच-सहा कॅलऱ्या, मारी बिस्किटाचा एक कोपरा.

मग औषध न झालेली वस्तू घराघरात पोचली कशी, तर १९९४च्या अमेरिकन कायद्यामुळे. तिथे सरकार सप्लिमेंटवर कडक नियम आणणार अशी हवा झाली, तेव्हा विरोधात एक टीव्ही जाहिरात आली, हत्यारबंद पोलीस एका नामांकित नटाच्या घरात घुसतात आणि त्याच्या हातात असतं काय, तर व्हिटॅमिनच्या गोळ्या. लोकांनी खासदारांना पत्रांनी बुडवलं. कायदा झाला तो उलट्या दिशेचा, सप्लिमेंट म्हणजे अन्नाचाच प्रकार, विकण्याआधी काही सिद्ध करायची गरज नाही, घातक आहे हे सरकारने दाखवायचं. याला लोक अजून ग्राहकांचं स्वातंत्र्य म्हणतात, मला तो विक्रेत्यांना दिलेला कोरा चेक वाटतो. लगेच एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीचं उदाहरण आहेच. त्याने महिन्याला खोट्या गोळीपेक्षा (म्हणजे तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी) किलोभर वजन जास्त उतरायचं, पण हृदयाचे झटके, पक्षाघात अशा तक्रारी साचत गेल्या, १९९७ मध्ये मांडलेला नियम पुढे बारगळला, २००३ मध्ये २३ वर्षांचा एक बेसबॉल खेळाडू गेला आणि बंदी लागू झाली एप्रिल २००४ मध्ये. त्यानंतर डब्यांवर 'एफेड्रा-फ्री' झळकायला लागलं आणि रिकाम्या जागेत ग्रीन टी अर्क, कडू संत्रं आणि आपला गार्सिनिया जास्तच शिरले.

खरंतर गार्सिनियाचा निकाल तोवर लागून गेला होता. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधली चाचणी छापून आली, १३५ जणांनी सुरुवात केली, १२ आठवडे, सगळ्यांना कमी कॅलरीचं आणि भरपूर फायबरचं जेवण, निम्म्यांना दिवसाला १५०० मिलिग्रॅम एचसीए, निम्म्यांना खोटी गोळी. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि खोट्या गोळीवाल्यांचं ४.१. (हा फरक सांख्यिकीत धरायच्या लायकीचा नव्हता, म्हणून खोटी गोळी जास्त चांगली असं कृपया म्हणू नका.) समर्थक म्हणाले, फायबरने एचसीए पोटातच अडकवलं असेल, एचसीएचा वेगळा क्षार वापरायला हवा होता. मुद्दा अगदीच खोडता येत नाही. पण २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा फरक निघाला ०.८८ किलो, आणि फक्त काटेकोर चाचण्या ठेवल्या की तोही धूसर.

इकडे सह्याद्रीत याचा परिणाम वजनावर नाही, जंगलावर झाला. नव्वदच्या दशकात निर्यातीची मागणी आली तशी सिरसीच्या बाजूला लोक उप्पगे गोळा करायला धावले. फळ येतं पावसाळ्यात, ऊन नाही, मग साल वाळवायची ती लाकूड जाळून, धुरावर. पुढे भाव पडले. या सगळ्या कथेत काही खरोखर 'बर्न' झालं असेल तर ते हे सरपण.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही डॉक्टरने गार्सिनियाला पुन्हा डोक्यावर घेतलं, त्याच वर्षी ग्रीन कॉफीलाही, म्हणजे न भाजलेल्या कॉफीबियांच्या अर्काला. ग्रीन कॉफीमागे अभ्यास होता तो बंगळुरूत १६ जणांवर केलेला, तो २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला आणि अर्क विकणाऱ्या कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले.

काळजी करायची ती लिव्हरची. २००९ मध्ये एका गाजलेल्या ब्रँडचे १४ प्रकार अमेरिकेत परत बोलावले, लिव्हर खराब झाल्याच्या २३ तक्रारी, एक मृत्यू. २०१३ मध्ये हवाईत एकामागून एक लोक कावीळ घेऊन हॉस्पिटलला पोचले, दुवा निघाला एका फॅट बर्नरशी, त्यात एजेलिन होतं. एजेलिन बेलाच्या पानात असतं, हो, शंकराला वाहतो तो बेल, फक्त डब्यातलं प्रयोगशाळेत बनवलेलं. दोष नक्की त्याचाच का, यावर अजून वाद आहे. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपात २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) ही धोक्याची खूण धरली गेली, आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गार्सिनियाची सप्लिमेंट्स घेऊच नका म्हणून सांगितलं. सोलकढी आणि आमसुलं यात येत नाहीत, कढीतल्या चार आमसुलांचा आणि रोज गिळायच्या घट्ट अर्काचा हिशोब वेगळा.

भारतात अशी सप्लिमेंट्स २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आणि २०१६ मध्ये आलेल्या नियमांखाली येतात, म्हणून डब्याच्या कोपऱ्यात 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ असते. मावसभावाच्या डब्यावरही आहे, आणि तिच्याच खाली 'कमी कॅलरीच्या आहारासोबत घ्या' असंही. मावशीने तेवढंच मोठ्याने वाचून दाखवलं, मग तो म्हणाला, "अगं, आहार तर करतोयच." आता कॅप्सूल थांबवल्यात, आहार चालू आहे, डबा अर्धा भरलेला तसाच फ्रिजवर.