उघडीप की माघार? मुंबईतलं ऊन ओळखताना

चार-पाच दिवस आभाळ गळत असतं, पंख्याखाली वाळवलेल्या कपड्यांना कुबट वास सुटलेला असतो, आणि मग एका सकाळी खिडकीतून लख्ख ऊन आत येतं. दादरच्या आमच्या चाळीत अशा सकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "गेला का गं पाऊस?"

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर आमच्या घराला एकदा फार लागलं. ऑगस्टची अखेर होती. आठवडाभर कडकडीत ऊन पडत होतं, म्हणून आईने गॅलरीबाहेरची ताडपत्री सोडायला लावली. ओल धरलेल्या गाद्या बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी वडिलांच्या पुस्तकांचे खोकेही हवेशीर ठेवले. तिसऱ्या रात्री समुद्राकडून सर आली आणि सकाळपर्यंत थांबली नाही. गाद्या पुढे वाळल्या, पुस्तकं मात्र वाचली नाहीत. तेव्हापासून मी हवामानाचे नकाशे बघायला शिकले, आणि कळलं की पावसानंतर पडणारं ऊन दोन अगदी वेगळ्या जातींचं असतं. एक उघडिपीचं, दुसरं माघारीचं. दिसायला ते सारखंच असतं, अंगावरही सुरुवातीला सारखंच लागतं. फरक असतो तो वाऱ्यात.

आधी उघडीप. मान्सून म्हणजे चार महिने अखंड पाऊस नव्हे. उत्तर भारतावर राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पसरलेला असतो. हा पट्टा आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की देशाच्या मध्य भागात आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस चांगला होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी तो उत्तरेला सरकून थेट हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग तिकडे आणि ईशान्येला धो धो पाऊस होतो, तामिळनाडूतही सरी वाढतात, आणि मधला सगळा प्रदेश कोरडा पडतो. आपल्या किनाऱ्याला समांतर, दक्षिण गुजरातपासून केरळच्या दिशेने समुद्रावर कमी दाबाचा आणखी एक पट्टा असतो. मुंबईला दिवसभर झोडपणारा पाऊस बरेचदा त्याच्यामुळे येतो. उघडिपीत हाही विरून जातो. शेतकरी म्हणतो पावसाने ओढ दिली, दडी मारली. हे फार लांबलं तर त्याला खंड म्हणतात, आणि त्या शब्दाला शेतात जे वजन आहे ते शहरात बसून समजत नाही.

या काळात मान्सून कुठेही गेलेला नसतो. वारा मंदावतो, नैऋत्येचा थोडा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे झुकतो, पण येतो समुद्रावरूनच. हवेत बाष्प असतं. म्हणून उघडिपीचं ऊन चिकट असतं, सावलीतही घाम वाळत नाही, आणि मधूनच दोन मिनिटांची एखादी सर अंगावरून जाते. बंगालच्या उपसागरात नवं कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकलं की पट्टा पुन्हा खाली येतो आणि मुंबईत पाऊस परत सुरू होतो.

२०२३ चा ऑगस्ट आठवून पाहा. देशभरात सरासरी २५४.९ मिलिमीटरच्या जागी १६२.७ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे ३६ टक्के तूट. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. लोक मान्सून संपल्यासारखं बोलत होते. पण पुढच्याच सप्टेंबरमध्ये देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. ती माघार नव्हती, लांबलेली उघडीप होती.

आता माघार. तिची सुरुवात मुंबईपासून फार लांब, राजस्थानच्या पश्चिम टोकाला होते. भारतीय हवामान विभाग ती उगाच जाहीर करत नाही. १ सप्टेंबरनंतर तिथे सलग पाच दिवस पाऊस नसावा, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंतच्या थरात वाऱ्याची प्रतिचक्रवाती रचना उभी राहिलेली असावी, म्हणजे हवा वरून खाली उतरत बाहेरच्या बाजूला पसरत असावी, आणि उपग्रहाच्या चित्रांत व फुग्यांच्या निरीक्षणांत बाष्प स्पष्ट घटलेलं दिसावं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माघारीची रेषा नकाशावर उमटते आणि मग दक्षिणेकडे सरकत येते. नुसतं ऊन पडलं हा निकष नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन अटींपैकी फक्त एक आपल्याला डोळ्यांनी दिसते आणि तिच्यावरूनच आपण निकाल देऊन टाकतो.

विभागाने २०२० मध्ये या सगळ्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. राजस्थानातली माघारीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर आली. मुंबईची तारीख पूर्वी सप्टेंबरअखेरची होती, ती ८ ऑक्टोबर झाली. घराघरांतला अंदाज मात्र अजून जुन्या तारखेवर चालतो. गणपती गेले की पाऊस गेला, असं आमच्या मजल्यावर आजही म्हणतात, आणि गणपती ऑगस्टच्या अखेरीस आले तर हा हिशोब महिन्याहून जास्त चुकतो. शिवाय सरासरी ही सरासरीच. २०१९ मध्ये राजस्थानातून माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता.

यात आणखी एक गुंता आहे. हिशोबाच्या वहीत मान्सूनचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा पक्का बांधलेला आहे. त्यामुळे ३ ऑक्टोबरला मुंबईत पडलेला पाऊस वाऱ्याच्या दृष्टीने मान्सूनचाच असतो, पण नोंद होते ती मान्सूनोत्तर महिन्यांत. "मान्सून संपला, एकूण पाऊस इतका" अशी बातमी १ ऑक्टोबरला आली की ती फक्त वही मिटल्याची बातमी असते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा वर्षाचा आढावाही १ ऑक्टोबरच्या साठ्यावर घेतला जातो. भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यात त्यानंतरही पाऊस पडू शकतो.

बहुतेकांची खरी फसगत होते ती परतीच्या पावसाच्या वेळी. हे नाव आपण फार सैल वापरतो. सप्टेंबरात पडलेल्या कुठल्याही पावसाला परतीचा म्हणून मोकळे होतो. माघारीच्या आसपासचा पाऊस वेगळा कळतो, आणि तो ओळखायला उपकरण लागत नाही. भर मान्सूनचा पाऊस मुंबईत पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो, वेळकाळ बघत नाही आणि सहसा गडगडत नाही. जुलैमध्ये मुसळधार कोसळताना विजा किती वेळा पाहिल्या ते आठवा. माघारीच्या दिवसांत मात्र सकाळ निरभ्र असते, दुपारपर्यंत तापतं, आणि सह्याद्रीवर ढगांचे मनोरे चढू लागतात. वरचा वारा आता पूर्वेकडचा असल्यामुळे ते ठाण्या-नवी मुंबईवरून शहराकडे ढकलले जातात. संध्याकाळी पूर्व काळवंडते, सोसाट्याचा वारा सुटतो, कडकडाट होतो, तासाभरात सगळं कोसळून आभाळ मोकळं. ऑफिसातून सुटणारी गर्दी नेमकी या पावसात सापडते. सकाळच्या उन्हावर विसंबून छत्री घरी ठेवलेली असते, आणि यावेळी धोका भिजण्यापेक्षा विजेचा जास्त असतो.

आपल्या जुन्या माणसांनी हा फरक केव्हाच टिपून ठेवला होता. सूर्य हस्त नक्षत्रात असतो ते दिवस साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. तेव्हाच्या गडगडाटी पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात, आणि हादग्याला पाटावर मध्ये हत्ती मांडून मुली फेर धरतात तो याच दिवसांत. मुंबईच्या माघारीची ८ ऑक्टोबर ही तारीख याच पंधरवड्यात बसते, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. त्यानंतरच्या स्वातीच्या पावसासाठी तर "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हणच आहे. म्हणजे मान्सून गेल्यावरही पाऊस येऊ शकतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. फयान चक्रीवादळ २००९ च्या नोव्हेंबरात कोकण किनाऱ्यावर आलं, आणि २०१७ च्या डिसेंबरात ओखीमुळे मुंबई भिजली. तो पाऊस माघार चुकल्याचं लक्षण नव्हता, समुद्रावर स्वतंत्र घडलेली गोष्ट होती.

उष्णतेतही फरक आहे. ऑगस्टमध्ये मुंबईचं कमाल तापमान सरासरी ३० अंशांच्या आसपास राहतं. उघडिपीत ते एक-दोन अंशांनी चढतं आणि ढग आले की परत उतरतं. ऑक्टोबरमध्ये ते ३३-३४ वर जातं आणि तिथेच राहतं, कारण आता ढगांचं छत नसतं, सकाळचा वारा जमिनीवरून येतो आणि दुपारी समुद्राचा वारा आत शिरायला उशीर करतो. तो जितका उशिरा येईल तितकं शहर तापतं. ज्याला सगळे ऑक्टोबर हिट म्हणतात ती हीच. फक्त रात्री हळूहळू सुटसुटीत होत जातात, आणि उघडिपीत ते सुख मिळत नाही.

हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. ऑगस्टात ऊन पडलं की मी आता तो उघडते आणि बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का ते आधी बघते. शिजत असेल तर ताडपत्री तशीच राहते.

आईची पद्धत वेगळी आहे. आमची गॅलरी पश्चिमेला तोंड करून आहे आणि ती सकाळी सातलाच साडी वाळत घालते. दुपारी बघून उपयोग नाही, कारण दुपारी समुद्राचा वारा ऑक्टोबरातही येतो. मान्सून असेपर्यंत, अगदी उघडिपीतसुद्धा, सकाळी पदर बहुतेक वेळा घरात उडतो. तो बाहेर, समुद्राच्या दिशेने उडायला लागला की आई दिवस मोजायला घेते. सलग पाच सकाळी तसा उडला, की मला हाक मारते, "ये गं, दोरी सोड."