विद्यापीठाच्या लायब्ररीत झेरॉक्स काढायची आहे? जायच्या आधी हे वाचून घ्या

रेफरन्सचं पुस्तक घरी देत नाहीत, त्यामुळं परीक्षा जवळ आली की नागपुरात लायब्ररीच्या झेरॉक्स काउंटरवर पोरांची गर्दी होते, आणि कोणी ना कोणी काटोल-उमरेडहून एसटीनं येऊन एका कागदासाठी परत जाते. असं होऊ नये म्हणून लिहून राहिलो.

चालू वर्षाचं लायब्ररी कार्ड असलं तर सोपं आहे, कार्ड दाखवा, स्लिप भरा, पैसे भरा, पावती घ्या. बाहेरचे असाल तर आपल्या कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स आणि ग्रंथपालांच्या नावानं प्राचार्यांचं नाहीतर गाइडचं पत्र सोबत ठेवा, सही-शिक्क्यासकट. पत्रात नुसतं 'संशोधनासाठी' लिहू नका, नेमकं काय पाहायचं ते लिहा.

खरा घोळ स्लिपवर होते. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक (लायब्ररीनं पुस्तकावर टाकलेला नंबर) आणि पानं, '११२ ते १३१' अशी स्पष्ट. खुणेला चिठ्ठ्या घाला, पान दुमडू नका. टायटलचं पान आणि त्याच्या मागचं पान पण काढून घ्याच, प्रकाशक अन् वर्ष तिथंच असते. मी एकदा विसरलो होतो, तीस पानं हातात, पण संदर्भात वर्ष टाकायला काहीच नाही, पुन्हा अख्खी चक्कर पडली. जाड बांधणीचं पुस्तक असलं तर शिलाईकडची अक्षरं काळ्या पट्ट्यात जातात, म्हणून काउंटरवरच एकेक पान पाहून घ्या.

अख्खं पुस्तक मागू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या अभ्यासाला, संशोधनाला वाजवी वापराची सूट आहे, एखादं प्रकरण काढायला घाबरायचं कारण नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली होती, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं शिकवण्यासाठी लागतो तेवढा भाग काढायला मोकळीक आहे असं सांगितलं. विद्यार्थ्यांसाठी हा फार मोठा आधार आहे.

थिसिस पाहिजे असेल तर पैसे घालवायच्या आधी शोधगंगा या वेबसाइटवर शोधा, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात.

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मात्र मशीनवर दाबायला सांगूच नका, कागद कडक झालेला असते, घडीवरच तुटते. परवानगी घेऊन मोबाइलनं फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि वरची तारखेची ओळ फोटोत आली का ते पाहा.