इंच कमी म्हणून फोन लहान? नाही

ठाण्याच्या गोखले रोडवर मोबाईलच्या दुकानात हमखास ऐकू येतं: 'हातात मावणारा हवा, पाच इंचाच्या आतला दाखवा.' गफलत इथेच होते. इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप, कडा त्यात धरत नाहीत. आयफोन एसई (२०२०) ४.७ इंची, पण १३८.४ बाय ६७.३ मिमी. आयफोन १२ मिनी ५.४ इंची, तरी १३१.५ बाय ६४.२. वरखालच्या जाड पट्ट्या आणि होम बटण गेलं, म्हणून स्क्रीन वाढूनही अंग आटोपशीर राहिलं.

लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्याने टाइप करायचं, तर रुंदी बघा. ती कंपनीच्या साइटवर 'डायमेन्शन्स'खाली मिळते. कव्हरचे दोन-तीन मिमी वर धरा. नेमके तेच विसरले जातात. दुकानात अंगठा वरच्या समोरच्या कोपऱ्याला टेकवून पाहा. तळहातात फोन सरकवावा लागला, तर तो मोठाच.

आणि लहान म्हणजे स्वस्त, हेही खरं नाही. १२ मिनीत चिप आणि कॅमेरे आयफोन १२चेच. भारतात २०२० साली सुरुवातीची किंमत ६९,९०० रुपये होती, १२ची ७९,९००. घटली ती बॅटरी. दिवसभर नेट वापरणाऱ्याला पॉवर बँक बाळगावीच लागते.