मेनमधील मूसची सोडत: पसंतीक्रमाच्या रकान्यामागचा इतिहास

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात दर वर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत हजारो लोक मूस या हरणांच्या कुळातील थोराड जनावराच्या शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज भरतात आणि जूनमध्ये जाहीर सोडत निघते. अर्जातील नाव-पत्त्याचा भाग मिनिटभरात संपतो. हात अडखळतो तो पसंतीक्रमाच्या रकान्यांपाशी. शिकारीचा कोणता विभाग, सप्टेंबरचा हंगाम की ऑक्टोबरचा की नोव्हेंबरचा, नराचा परवाना की बिनशिंगी जनावराचा, हे क्रमाने लिहायचे असते. त्यानंतर एक साधा दिसणारा प्रश्न येतो: मागितलेले सगळे विभाग भरले असतील, तर दुसरा कोणताही चालेल का?

महाराष्ट्रातील वाचकाला अशा ठिकाणी म्हाडाची सोडत आठवणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्हींत एक मोठा फरक आहे. म्हाडात आपण एका योजनेसाठी अर्ज करतो आणि त्या योजनेच्या अर्जदारांतच आपली चिठ्ठी पडते. म्हणून कमी गर्दीची योजना हेरणे हा शहाणपणा ठरतो. मेनमध्ये आधी माणसाचे नाव निघते आणि मग त्याच्या पसंतीच्या यादीत वरून खाली पाहत जो पहिला विभाग शिल्लक असेल तो त्याला मिळतो. त्यामुळे विभागाच्या निवडीने नाव लवकर निघत नाही. नाव उशिरा निघाले तर हाती काय उरेल, एवढेच त्या निवडीवर ठरते, आणि शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा निघालेल्या नावावर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच तसे लिहितो. या रकान्यांत जे पर्याय दिसतात, ते तेथे कसे आले, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर आहे. आपल्या सह्याद्रीतला थोराड सांबर तीनशे किलोच्या आसपास थांबतो. मेनमधील पूर्ण वाढीचा मूस नर साडेचारशे किलोपर्यंत सहज जातो. त्याचे नावच त्या भूमीतील मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन कुळातील भाषांतून इंग्रजीत आले आहे. गोऱ्या वसाहतकारांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याची बेसुमार हत्या केली. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फाचा वरचा थर कडक झाला की जड मूसचे पाय आत रुततात, आणि जाळीचे बर्फबूट घातलेला माणूस मात्र वरून आरामात चालत जातो. त्या दिवसांत कळपच्या कळप कापले जात. १८३० मध्ये राज्याने शिकारीचा काळ मर्यादित करणारा कायदा केला, पुढे मूसच्या रक्षणासाठी स्वतंत्र रखवालदार नेमले, तरीही घसरण थांबली नाही. अखेर १९३५ मध्ये शिकार पूर्णपणे बंद झाली आणि ती पंचेचाळीस वर्षे बंद राहिली.

संख्या पुन्हा वाढली ती केवळ बंदीमुळे नव्हे, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथेच आहे. १९७० च्या दशकात उत्तर मेनच्या जंगलांवर स्प्रूस बडवर्म नावाच्या अळीची मोठी साथ आली. ती स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांचे कोवळे कोंब खाते; लाखो एकरांवरील झाडे वाळू लागली. जंगलाचे मालक कागद आणि लाकूड कंपन्या होत्या, आणि वाळण्याआधी लाकूड हाती यावे म्हणून त्यांनी प्रचंड क्षेत्रावर सरसकट तोड केली. याच सुमारास नद्यांतून ओंडके वाहून नेण्याची जुनी पद्धत संपली. केनेबेक नदीवरील शेवटची ओंडक्यांची वाहतूक १९७६ ची. लाकूड ट्रकने न्यायचे म्हणजे रस्ते हवेत, म्हणून पूर्वी जेथे डोंगीशिवाय पोचता येत नव्हते तेथे खडीचे रस्ते गेले. तोडलेल्या जागी भूर्ज, मेपल, पॉप्लर यांचे दाट रान उगवले, तेही मूसच्या तोंडाच्या उंचीचे. अळीने जंगल खाल्ले, माणसाने उरलेले तोडले आणि मूसला ताट वाढून मिळाले. आज उत्तरेकडील १ ते ६ क्रमांकांचे विभाग अर्जदार डोळे झाकून वर लिहितात, त्याचे मूळ या तोडीत आहे.

दक्षिणेकडे मूस विरळ का, याचेही कारण सांगितले पाहिजे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूच्या आवरणात एक कृमी राहतो. हरणाला त्याचा त्रास होत नाही, मूसला मात्र तो लुळा करून मारतो. जेथे हरणे दाट, तेथे मूसची वाढ अवघड. उत्तरेच्या कडक हिवाळ्यात हरणे कमी टिकतात, हे मूसच्या पथ्यावर पडले.

१९८० मध्ये राज्याने प्रयोग म्हणून ७०० परवाने सोडतीने दिले. शिकारीचे क्षेत्र ठरवताना कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग हीच हद्द धरली गेली. रुळांच्या उत्तरेला शिकार, दक्षिणेला नाही. १९८१ मध्ये शिकार झाली नाही, १९८२ मध्ये १,००० परवान्यांसह ती पुन्हा सुरू झाली आणि १९८३ मध्ये तिच्यावर थेट जनमत घेण्यात आले. जवळजवळ माणसाळलेल्या, रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या जनावरावर गोळी झाडण्यात कसली आली शिकार, असा विरोधकांचा प्रश्न होता. तो अगदीच गैरलागू नव्हता. तरीही सुमारे ६० टक्के मतदारांनी बंदी नाकारली. तेव्हापासून परवान्यांची संख्या आणि शिकारीचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढत गेले, आणि दिशांवरून नावे दिलेल्या मोजक्या पट्ट्यांच्या जागी क्रमांकांचे २९ वन्यजीव व्यवस्थापन विभाग आले. विभागागणिक मूसची घनता, जंगलाची स्थिती आणि रस्त्यांवरील अपघातांचे प्रमाण पाहून परवाने ठरू लागले.

सोडतीविषयीची तक्रार मात्र पहिल्यापासून होती: कोणाला लागोपाठ लागते, कोणाला जन्मभर नाही. त्यावर तोडगा म्हणून १९९८ पासून सलग अर्ज करणाऱ्यांना गुण मिळू लागले आणि पुढे ते चढत्या श्रेणीने वाढवले गेले. आता पहिली पाच वर्षे वर्षाला १ गुण, सहाव्या ते दहाव्या वर्षी २, अकराव्या ते पंधराव्या वर्षी ३ आणि सोळाव्या वर्षापासून दर वर्षी १० गुण जमा होतात. पंधरा वर्षे हात हलवत परतलेल्याकडे ३० गुण असतात आणि विसाव्या वर्षानंतर ८०. प्रत्येक गुण म्हणजे एक जादा चिठ्ठी. पण ही रांग नव्हे. पहिल्याच वर्षी अर्ज करणाऱ्याचे नाव निघू शकते आणि ८० गुणांचा माणूस पुन्हा रिकामा राहू शकतो. राज्याबाहेरच्यांसाठी सुमारे १० टक्केच परवाने राखलेले असतात. शिवाय बाहेरच्याला परवाना स्थानिकापेक्षा कित्येक पट महाग पडतो.

परवान्यांचा आकडा सर्वाधिक चढला तो २०१३ मध्ये, ४,११० पर्यंत. चारच वर्षांत, २०१७ मध्ये, तो २,०८० वर आला. या पडझडीमागे हिवाळी गोचीड आहे. शरद ऋतूत तिच्या अळ्या झुडपांच्या टोकांवर झुबक्याने बसून वाट पाहतात आणि जवळून जाणाऱ्या जनावराला चिकटतात. लवकर बर्फ पडले तर त्या मरतात, उशिरा पडले तर प्रत्येक आठवडा त्यांच्या फायद्याचा. एकेका पिल्लावर हजारोंच्या संख्येने गोचिडी मोजल्या गेल्या आहेत. वसंताच्या तोंडावर, अंगावर चरबी उरलेली नसताना, त्या पिल्लाचे रक्त इतके शोषतात की ते उभ्याउभ्या कोसळते. खाजवून खाजवून केस गेलेल्या अशा फिकट जनावरांना तेथील लोक ‘भूत मूस’ म्हणतात. मेन आणि न्यू हॅम्पशर येथे २०१४ ते २०१६ या वर्षांत गळपट्टा लावून पाठपुरावा केलेल्या पिल्लांपैकी सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास पहिल्या हिवाळ्यातच दगावली.

त्यातून एक उलटा वाटणारा विचार पुढे आला: मूस जितके दाट, तितक्या गोचिडी जास्त, म्हणून काही ठिकाणी मूस मुद्दाम कमी करावेत. २०२१ मध्ये राज्याने ४ क्रमांकाच्या विभागाचा पश्चिम भाग ‘४ अ’ म्हणून वेगळा काढला आणि पाच वर्षांच्या प्रयोगासाठी तेथे माद्यांच्या शिकारीचे ५५० जादा परवाने दिले. त्या वर्षीचे एकूण परवाने ३,४८० होते. २०२४ पर्यंत हा आकडा पुन्हा ४,१०५ झाला. अर्जातील रकान्यात ‘४ अ’मुळे एक नवा पर्याय दिसू लागला, जो मांसासाठी शिकार करणाऱ्यांना सोयीचा आणि भिंतीवर शिंगे लावू पाहणाऱ्यांना बिनकामाचा आहे.

हंगामाची निवडही अशीच गुंतागुंतीची आहे. सप्टेंबरच्या अखेरीस माजाचा काळ असतो. मादीच्या हाकेची नक्कल केली तर नर झाडी मोडत, शिंगे घासत समोर येतो, म्हणून त्या आठवड्याला सर्वाधिक मागणी असते. पण त्याच आठवड्यात ऊन पडले, तर साडेचारशे किलोचे जनावर तापल्या अंगाने पडून राहते आणि जाड कातड्याखाली मांस काही तासांतच बिघडू लागते. दलदलीत पडलेला नर तुकडे करून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचा आणि बर्फाने भरलेल्या पेट्यांत घालायचा, याला चार माणसे आणि अख्खा दिवस पुरत नाही. ऑक्टोबरमध्ये थंडी असते, पण नर अबोल होतात. शिवाय उत्तरेची बहुतेक जमीन आजही खासगी आहे. नाक्यावर शुल्क भरून आत जायचे आणि लाकडाच्या ट्रकला वाट देत गाडी चालवायची. ज्याचा तेथे तळ नाही, वाटाड्या नाही, त्याने घनता पाहून दूरचा विभाग वर लिहिण्यापेक्षा ओळखीचा, जवळचा, थोडा विरळ विभाग लिहिणे मला अधिक समंजसपणाचे वाटते. चुकीचा विभाग पदरात पडलेल्यांना दुसऱ्या परवानाधारकाशी अदलाबदल करण्याची मुभा आहे.

शेजारच्या राज्यांकडे वळावे, तर तेथे मोठ्या आशेला जागा नाही. न्यू हॅम्पशरने १९८८ मध्ये ७५ परवान्यांनी सुरुवात केली, संख्या बरीच वाढवली आणि आता ती पन्नाशीच्याही खाली आणली आहे. व्हरमाँटमध्ये १९९३ मध्ये ३० परवाने निघाले होते. तेथे २०१९ मध्ये शिकार झालीच नाही, आणि २०२० पासून ती फक्त ईशान्य कोपऱ्यातील एका विभागात, गोचिडी कमी व्हाव्यात या हेतूने चालते.

मेनमध्ये मारलेला प्रत्येक मूस नोंदणी नाक्यावर आणावा लागतो. तेथे तो काट्याला टांगून तोलला जातो आणि वय कळण्यासाठी त्याचा एक दात काढून घेतला जातो; मादी असेल तर शिकाऱ्याने तिची अंडाशयेही जमा करायची असतात, कारण त्यावरून तिची जननक्षमता कळते. ही माहिती विभागवार मांडली जाते आणि पुढच्या वर्षी कोणत्या विभागाला किती परवाने द्यायचे, हे ठरवताना ती वापरली जाते.