सात हजार डॉलर आणि तीन डॉलर

भूकंप, महापूर किंवा चक्रीवादळ झाले की निसर्ग गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, हे वाक्य हमखास वाचायला मिळते. भूगर्भातील भ्रंशाच्या किंवा समुद्रावरील कमी दाबाच्या पट्ट्याच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र त्यावरून आपण नकळत आणखी एक समजूत करून घेतो, ती म्हणजे आपत्ती जितकी मोठी, तितके जगाचे साहाय्यही मोठे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी २००४ या एकाच वर्षातील दोन घटना पुरेशा आहेत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बांगलादेशातील पुराने सुमारे ३ कोटी ६० लाख लोकांना फटका बसला आणि २६ डिसेंबरला हिंदी महासागरात त्सुनामी आली. पुढे साहाय्य संस्थांच्या एका संयुक्त गटाने त्सुनामीतील मदतकार्याचे मूल्यमापन केले, तेव्हा त्सुनामीग्रस्त माणसामागे सरासरी सुमारे ७,१०० डॉलर, तर बांगलादेशातील पूरग्रस्तामागे अवघे ३ डॉलर जमा झाल्याचे दिसून आले. त्सुनामीत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली होती, त्यामुळे दोन्ही आपत्ती समान होत्या असे कोणी म्हणणार नाही. तथापि मदत पोहोचवायची असते ती जिवंत राहिलेल्यांपर्यंत, आणि घर, पीक व गुरे गमावलेल्या दोन कुटुंबांच्या गरजांमध्ये दोन हजार पटींहून मोठे अंतर असू शकत नाही.

देशाची संपत्ती या गणितात पहिल्यांदा शिरते ती आपत्तीच्याही आधी. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये ७.० परिमाणाचा भूकंप झाला आणि २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ परिमाणाचा. परिमाणाचे मापन लघुगणकी असल्यामुळे एका एककाची वाढ म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा, आणि १.८ एककांचा फरक म्हणजे सुमारे ५०० पट. तरीही चिलीत ५२५ जणांचा मृत्यू झाला आणि हैतीत मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. हैतीचा भूकंप उथळ होता आणि राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर होता, हे मान्य करूनही उरलेले उत्तर बांधकामातच सापडते. १९६० साली ९.५ परिमाणाचा, म्हणजे आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप सोसलेल्या चिलीने बांधकामाचे कडक नियम केले होते आणि ते पाळून घेण्याइतकी यंत्रणा व पैसा त्या देशाकडे होता. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गाव झोपलेले असताना, किल्लारी परिसरात झालेला भूकंप ६.२ परिमाणाचा होता. ऊर्जेच्या हिशेबात तो चिलीच्या भूकंपाचा आठ हजारावा भाग भरतो, तरी दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे यांनी जवळपास आठ हजार माणसांचा बळी घेतला.

अशा वेळी दैवी कोपाचा सिद्धांत मांडणारे लोक प्रत्येक देशात निघतात. हैतीतील ढिगारे उपसले जात असतानाच अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी धर्मोपदेशकाने त्या देशाच्या पूर्वजांनी सैतानाशी केलेल्या कराराचा दाखला दिला होता. १९३४ च्या बिहार भूकंपाला खुद्द महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले होते आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला होता. हेतू कितीही उदात्त असला तरी पापाचा हिशेब मांडणारे स्पष्टीकरण भिंत का पडली हा प्रश्न बाजूला सारते, आणि म्हणून रवींद्रनाथांचा आक्षेप मला आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आता जगाच्या प्रतिसादाकडे वळू. आपत्तीचे वृत्त दूरचित्रवाणीवर झळकले की मदत वाढते, असे सर्वांनाच वाटते. परंतु हे सिद्ध कसे करायचे? ज्या आपत्तींना प्रसिद्धी मिळाली त्यांना मदतही अधिक मिळाली, एवढे दाखवून भागत नाही. आपत्ती भीषण असल्यामुळे बातमीही आली आणि मदतही आली, असे असू शकेल. किंवा उलट, सरकारने मदत जाहीर केली म्हणूनच ती बातमी झाली असेल. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सांख्यिकीतील प्राथमिक तत्त्व आहे. औषधाची परीक्षा घेताना रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडता येतात. भूकंपांपैकी निम्म्यांना प्रसिद्धी देऊन निम्मे झाकून ठेवण्याचा प्रयोग कोणी करू शकत नाही.

थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर काढलेला मार्ग मला अतिशय सुंदर वाटतो. त्यांनी चिठ्ठ्या टाकण्याचे काम ऑलिंपिकवर सोपवले. अमेरिकेतील संध्याकाळच्या बातमीपत्राची वेळ ठरलेली असते; ऑलिंपिक किंवा एखादा गाजणारा खटला चालू असला की तीच वेळ त्या बातम्या व्यापतात आणि परदेशातील पुराला जागा उरत नाही. ऑलिंपिक केव्हा भरणार हे कित्येक वर्षे आधी ठरते, त्याचा बोलिव्हियातील दरडीशी किंवा मोझांबिकमधील दुष्काळाशी कोणताही संबंध नसतो आणि तेथील गरज ऑलिंपिकमुळे कणभरही कमी होत नाही. म्हणजे ऑलिंपिकच्या दिवसांत झालेल्या आपत्तींना मदत कमी मिळालेली दिसली, तर त्याचे कारण बातमीचा अभाव हेच असले पाहिजे. ज्या घटकाचा परिणाम आपल्याला हव्या असलेल्या कारणामार्फतच पोहोचतो, दुसऱ्या कोणत्याही वाटेने पोहोचत नाही, त्याला अर्थमितीत, म्हणजे अर्थशास्त्रातील सांख्यिकी पद्धतींच्या शाखेत, ‘इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल’ म्हणतात. खोलीतील दिव्यांपैकी कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे हे ओळखण्यासाठी एकच बटण दाबून पाहावे, तसा हा प्रकार आहे. ऑलिंपिकचे दिवस थोडे असतात, म्हणून त्यांनी ‘बातम्यांचा दाब’ असे आणखी एक मापही तयार केले. दररोज पहिल्या तीन बातम्यांनी किती मिनिटे घेतली हे निरनिराळ्या वाहिन्यांसाठी मोजून त्याचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला, आणि हा दाब वाढला की दूरदेशीच्या आपत्तीची बातमी बाहेर ढकलली जाते का, हे तपासले.

१९६८ ते २००२ या काळातील सुमारे ५,००० आपत्तींवर ही पद्धत वापरल्यानंतर हाती आलेले आकडे वाचून मी काही वेळ स्तब्ध झालो होतो. अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यता तेवढीच राहावी यासाठी ऑलिंपिकच्या दिवसांतील आपत्तीत सामान्य दिवसापेक्षा तिप्पट माणसे मरावी लागतात. ज्वालामुखीने घेतलेल्या एका बळीइतकी प्रसिद्धी मिळण्यासाठी अन्नटंचाईने सुमारे ४०,००० बळी घ्यावे लागतात, आणि पूर्व युरोपातील आपत्तीइतके लक्ष वेधण्यासाठी आफ्रिकेतील आपत्तीला सुमारे ४५ पट बळी द्यावे लागतात. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. ही पद्धत ज्या आपत्ती बातमीच्या उंबरठ्यावर असतात, म्हणजे ऑलिंपिक नसते तर आल्या असत्या आणि असल्यामुळे राहिल्या, त्यांच्याविषयीच बोलते. त्सुनामीची बातमी कोणत्याही दिवशी आलीच असती. त्यामुळे एकूण मदतीपैकी अमुक इतके टक्के बातम्यांमुळे मिळते, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येत नाही, जरी तो अनेकदा काढला जातो.

बातमीच्या उंबरठ्यावरून आत कोण येणार, हे ठरण्यात संपत्तीचा मोठा वाटा आहे असे माझे मत आहे. त्सुनामीच्या लाटा थायलंडच्या किनाऱ्यावर आल्या तेव्हा तेथे कॅमेरे बाळगणारे युरोपीय पर्यटक होते. एकट्या स्वीडनचे ५४३ नागरिक त्या आपत्तीत मरण पावले. मदत देणाऱ्या देशांतील घराघरांत ती आपत्ती आप्तांच्या मृत्यूच्या रूपाने पोहोचली. बांगलादेशातील पाणी इंचाइंचाने चढत होते, पाहायला बाहेरचे कोणी नव्हते आणि बातमी व्हावी असा एक विशिष्ट क्षणही त्यात नव्हता.

श्रीमंत देशाला आणखी एक अधिकार असतो, तो म्हणजे काय हवे ते सांगण्याचा आणि काय नको ते नाकारण्याचा. चिलीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मिशेल बॅचलेट यांनी आधी गरजांचा अंदाज घेतला आणि मग फिरती रुग्णालये, तात्पुरते पूल, उपग्रह दूरध्वनी अशी नेमकी यादी जगापुढे ठेवली. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानला दीडशेहून अधिक देश आणि प्रदेशांनी मदत देऊ केली आणि भारतानेही राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जवान ओनागावा येथे पाठवले. हैतीत मात्र अध्यक्षांचा प्रासादच कोसळला होता, विमानतळाचे नियंत्रण अमेरिकी लष्कराकडे गेले होते आणि यादी करणारे कर्मचारी ढिगाऱ्याखाली होते. आपत्कालीन मदतीच्या निधीपैकी जेमतेम एक टक्का हैती सरकारच्या हाती पडला. बाकीची रक्कम देणगीदार देशांच्याच यंत्रणा, आंतरराष्ट्रीय संस्था आणि कंत्राटदार यांच्यामार्फत खर्च झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाण्यातून पटकीची साथ पसरली, जिने सुमारे १०,००० जणांचा जीव घेतला आणि जिच्याबद्दल संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली क्षमा मागितली.

बांगलादेशाची गोष्ट मात्र २००४ वर थांबलेली नाही. तेथे १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली होती. २०२० च्या अम्फान चक्रीवादळात हा आकडा तीसच्याही आत राहिला, कारण पूर्वसूचना, निवारे आणि गावोगावचे स्वयंसेवक यांची यंत्रणा त्या देशाने श्रीमंत होण्याची वाट न पाहता उभी केली. मृत्यू जितके कमी, तितकी बातमी लहान, या न्यायाने हे यशच त्याला मदतीपासून दूर नेणारे ठरले असते. म्हणून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीने वेगळी पद्धत वापरली. जमुना नदीच्या पुराचा अंदाज ठरलेल्या पातळीपलीकडे गेला की रक्कम आपोआप खुली करायची, असे पावसाळ्यापूर्वीच ठरले होते. ४ जुलैला अंदाजाने ती पातळी ओलांडली आणि काही तासांत ५२ लाख डॉलर मोकळे झाले. पाणी शिगेला पोहोचण्याआधी अनेक कुटुंबांच्या हाती रोख रक्कम, गुरांचे खाद्य आणि बी-बियाणे कोरडे ठेवण्यासाठी झाकणाची पिंपे पोहोचली होती.