नववी चिप: डेस्कटॉप आणि सर्व्हर प्रोसेसर वेगळे कसे झाले

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला. त्याच्या मदरबोर्डवर मेमरीच्या चिप रांगेने बसवलेल्या दिसतात आणि प्रत्येक रांगेत नऊ चिप आहेत. बाइट असतो आठ बिटांचा (बिट म्हणजे एक ‘०’ किंवा ‘१’), मग नववी चिप कशासाठी? ती होती पॅरिटीची. आठ बिटांत ‘१’ किती आहेत, ती संख्या सम की विषम, एवढंच ती लक्षात ठेवायची. वाचताना हिशेब जुळला नाही, तर पडद्यावर पॅरिटीचा इशारा यायचा आणि मशीन तिथेच थांबायचं. चुकीच्या आकड्यावर पुढे काम करण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा आयबीएमचा विचार होता. हिशेबाची यंत्रं बनवण्यात जिची हयात गेली, त्या कंपनीला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

नवा कॉम्प्युटर असेंबल करताना आज विचारलं जातं, घरच्या मशीनसाठीचा कोअर आय५ किंवा रायझन घ्यावा की सर्व्हरसाठीचा झिऑन किंवा एपिक? दुकानात सहसा उत्तर मिळतं की सर्व्हरचा प्रोसेसर ‘मजबूत’ असतो. या मजबुतीचा मोठा भाग त्या नवव्या चिपमध्ये आहे. ती एकेकाळी घरच्या मशीनमध्येही होती, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

मेमरीतला बिट आपोआप उलटतो, हे ऐकणाऱ्याला आजही खरं वाटत नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग वैतागले होते ते यंत्रातल्या अशाच चुकांमुळे. शनिवार-रविवारी यंत्रावर लावून ठेवलेलं काम एका चुकीपाशी अडकून पडायचं आणि सोमवारी हाती काहीच लागायचं नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हेही का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत बसवली आणि १९५० मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्याला आपण ईसीसी मेमरी म्हणतो, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ६४ बिटांच्या माहितीसोबत तपासणीचे ८ बिट ठेवायचे. त्यांच्या आधारे एक उलटलेला बिट जागेवर सुधारता येतो आणि दोन उलटले तर निदान तसं कळतं. पॅरिटी चूक दाखवून थांबते, ईसीसी सुधारून पुढे जाते.

बिट कशामुळे उलटतात, याचं एक उत्तर १९७८ मध्ये खुद्द इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दिलं. चिपच्या आवरणाच्या साहित्यात किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अतिसूक्ष्म अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण मेमरीच्या कप्प्यातला विद्युतभार बिघडवत होते. आवरणं सुधारली, तरी अवकाशातून येणाऱ्या किरणांचा उपद्रव राहिलाच. मे २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे मतदान यंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दाखवली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट. दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही, तेव्हा संशय उलटलेल्या बिटावरच गेला. मिळू शकतील त्यापेक्षा जास्त मतं पडलेली दिसली, म्हणून चूक पकडली गेली. घरच्या फोटोत किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये एक बिट उलटला, तर तो कोण पकडणार?

इतकं ठाऊक असूनही नववी चिप घरच्या मशीनमधून गेली, ती पैशांपायी. नव्वदच्या दशकात मेमरी महाग होती आणि नऊऐवजी आठ चिप लावल्या की खर्च सरळ कमी होत होता. बोर्ड पॅरिटी मागतो म्हणून ‘खोट्या पॅरिटी’च्या मेमरीच्या पट्ट्याही तेव्हा विकल्या गेल्या. त्यांच्यावरची नववी चिप मेमरीची नसायचीच. समोर येईल त्या बाइटसाठी ती तिथल्या तिथे ‘बरोबर’ उत्तर तयार करून द्यायची. तपासनीसच आरोपीला विचारून अहवाल लिहितो, तसला हा प्रकार. १९९५ मध्ये इंटेलने पेंटियमसाठी ४३०एफएक्स हा चिपसेट (प्रोसेसरला मेमरी आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डवरच्या चिप) आणला, त्यात पॅरिटीची सोयच नव्हती. पुढच्या वर्षीच्या ४३०एचएक्समध्ये पॅरिटी आणि ईसीसी दोन्ही होत्या, पण तोवर स्वस्त पीसीला तपासणी लागत नाही, ही सवय बाजाराला जडली होती. माझ्या मते डेस्कटॉप आणि सर्व्हरची खरी फारकत इथे झाली, प्रोसेसरच्या नावात ती नंतर आली.

त्याच १९९५ च्या नोव्हेंबरात पेंटियम प्रो आला. कॅशे, म्हणजे हाताशी लागणारी माहिती ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, प्रोसेसरच्याच आवरणात घेतलेला हा प्रोसेसर ३२ बिटांच्या (एका वेळी ३२ बिट हाताळणाऱ्या) कामात तेज होता. घरोघरी मात्र विंडोज ९५ होतं, त्यात १६ बिटांचा कोड भरपूर होता, आणि तिथे हा महागडा प्रोसेसर साध्या पेंटियमपुढे फिका पडायचा. कंपन्यांसाठीच्या विंडोज एनटीच्या सर्व्हरवर आणि वर्कस्टेशनवर तो शोभला. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या एएससीआय रेड या महासंगणकात असे हजारो प्रोसेसर लागले आणि एक टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा, टप्पा पहिल्यांदा त्याने ओलांडला. सर्व्हरसाठी उत्तम ते घरासाठीही उत्तम असतंच असं नाही, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

१९९८ मध्ये इंटेलने एकाच घराण्याच्या गाभ्यातून तीन भाव काढले. मधला पेंटियम २, त्याची कॅशे निम्म्या वेगाने चालायची. खाली सेलेरॉन, आधी तर बाहेरच्या कॅशेशिवायच. आणि वर जूनमध्ये आलेला पेंटियम २ झिऑन, पूर्ण वेगाची मोठी कॅशे, वेगळा स्लॉट आणि हजार डॉलरच्या वरची किंमत. ‘झिऑन’ हे नाव तेव्हापासूनचं. पण ऑगस्टमध्ये दीडशे डॉलरच्या आसपासचा सेलेरॉन ३००ए आला, त्याची १२८ किलोबाइट कॅशे छोटी असली तरी चिपवरच होती आणि पूर्ण वेगाने चालत होती. बसचा (प्रोसेसरला बाकीच्या बोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३०० चा ४५० व्हायचा. पुढच्या वर्षी बोर्ड बनवणाऱ्या ॲबिट कंपनीने बीपी६ हा बोर्ड काढला आणि त्यावर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसू लागले. इंटेलने दोन प्रोसेसरांची सोय वरच्या गिऱ्हाइकासाठी राखली होती, ती हौशी लोकांनी स्वस्तात मिळवली. सेलेरॉनच्या पुढच्या पिढीत इंटेलने ती वाट बंद केली. भिंत घालायची, लोकांनी फट शोधायची, मग फट बुजवायची, हा क्रम तेव्हा सुरू झाला आणि पुढे पुन्हा पुन्हा घडला.

याच काळात गूगल उलट्या वाटेने चाललं होतं. महागडे सर्व्हर घेण्याऐवजी त्यांनी साध्या पीसीचे बोर्ड रचले. २००३ मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी लिहिलं की पंधरा हजारांहून जास्त साध्या मशीनवर शोध चालतो, आणि त्यांत ५३३ मेगाहर्ट्झच्या सेलेरॉनपासून दोन पेंटियम ३ असलेल्या यंत्रांपर्यंत सगळं होतं. एक मशीन बिघडलं तर काम दुसऱ्याने उचलायचं, ही जबाबदारी सॉफ्टवेअरने घेतली. हे उदाहरण देऊन ‘मग मलाही साधाच प्रोसेसर पुरे’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या घरी पंधरा हजार मशीन नसतात. शिवाय मशीन बंद पडलेलं कळतं, चुकीचा बिट कळत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये ॲपलचे ११०० पॉवर मॅक जी५ जोडून महासंगणक उभा केला. जगात त्याचा तिसरा क्रमांक लागला, पण त्या डेस्कटॉपमध्ये ईसीसी नव्हती. पुढच्याच वर्षी सगळी यंत्रं काढून ईसीसी असलेले ॲपलचेच एक्ससर्व्ह हे सर्व्हर बसवावे लागले. २००९ मध्ये गूगल आणि टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. मोजता आलं, कारण तोवर त्यांच्या यंत्रांत ईसीसी होती.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिची चाल याच सुमारास महत्त्वाची ठरली. इंटेलने ६४ बिटांसाठी इटेनियम ही वेगळीच जात आणली, जुने प्रोग्राम तिच्यावर नीट धावत नव्हते. एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला. त्यात जुनी आज्ञावली तशीच ठेवून ती ६४ बिटांपर्यंत वाढवली होती आणि मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच होता. सप्टेंबरात तेच ॲथलॉन ६४ म्हणून डेस्कटॉपवर उतरलं. सर्वांत महाग ॲथलॉन ६४ एफएक्स-५१ तर जवळजवळ ऑप्टेरॉनच होता. त्याला सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरीच (जिच्या पट्टीवर मधे संकेत सांभाळणारी वेगळी चिप असते ती) लागायची आणि गेमिंगसाठी तो घेणाऱ्यांना ती विकत घ्यावी लागली. पुढच्या वर्षी इंटेललाही झिऑनमध्ये तेच ६४ बिट आणावे लागले.

पुण्यात झिऑन घरचाच झाला होता. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या महासंगणकांत चौथा आला, तो झिऑनवर चालणारा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा परम युवा-२ हा महासंगणक आला. त्यात झिऑन ई५-२६७० होता. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा भेटणार आहे.

त्याआधी एका सुखद काळाबद्दल. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून झिऑन ई३-१२३० हा प्रोसेसर साध्या डेस्कटॉप बोर्डवर बसायचा. तो आय७ सारखाच होता, चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गाभे) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामांचे धागे), फक्त ग्राफिक्स नव्हतं आणि किंमत कमी होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला याहून शहाणा सौदा नव्हता. दुसरीकडे ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी) जास्त पैसे मोजून घेतलेल्या आय७-२६००के मध्ये व्हीटी-डी (व्हर्च्युअल मशीनला हार्डवेअर थेट वापरू देणारी) ही सोय बंद होती आणि साध्या २६०० मध्ये चालू. स्वस्तातल्या आय३ मध्ये ईसीसी चालायची, महाग आय७ मध्ये नाही. सिलिकॉनला जे येतं ते किमतीप्रमाणे चालू-बंद करायचं, याचा यापेक्षा उघड पुरावा मला माहीत नाही. २०१५ च्या स्कायलेक पिढीत ई३ झिऑनला सी२३२ किंवा सी२३६ चिपसेटच लागेल अशी अट आली आणि साध्या बोर्डची वाट बंद झाली.

तोपर्यंत डेटा सेंटरमधून जुना माल बाहेर पडू लागला होता. २०१२ मध्ये सुमारे १,५०० डॉलरला निघालेला तोच ई५-२६७० २०१६ च्या सुमारास शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. आठ कोअर, मेमरीचे चार चॅनेल (मेमरीकडे जाणारे स्वतंत्र रस्ते), पीसीआय एक्सप्रेसच्या ४० लेन (ग्राफिक्स कार्ड, डिस्क वगैरे जोडण्याच्या वाटा). चिनी कारखान्यांनी त्यासाठी नवे एक्स७९ बोर्डही बनवले आणि हे जोड भारतातल्या ऑनलाइन बाजारातही दिसू लागले. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला, एकाच मशीनवर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर) चालवणाऱ्याला ही पर्वणी होती. गेम खेळणाऱ्याची मात्र निराशा व्हायची. ई५-२६७० चा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.३. सर्व्हरमध्ये ठरावीक वॉटमध्ये जास्त कोअर बसवायचे असल्याने एकेका कोअरचा वेग आवरता घेतात, आणि गेमला दोन-चार वेगवान कोअरच हवे असतात. वीजबिलही आहेच. मशीन चोवीस तास चालणार असेल आणि शंभर वॉट जास्त खात असेल, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट वाढतात. स्वस्त झिऑनचा हिशेब हा आकडा धरूनच करावा.

२०१७ मध्ये एएमडीने रायझन आणि एपिक आणले, आणि दोन्हींत एकाच प्रकारची चिप होती. रायझनमध्ये एक, वर्कस्टेशनसाठीच्या थ्रेडरिपरमध्ये दोन, एपिकमध्ये चार. रायझनमध्ये ईसीसी बंद केलेली नव्हती, बोर्ड बनवणाऱ्याने सोय दिली असेल तर ती चालायची. (अंगभूत ग्राफिक्सच्या जी-मालिकेत मात्र ती प्रो प्रकारातच मिळाली.) जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी ईसीसी सामान्य ग्राहकापासून दूर ठेवल्याबद्दल इंटेलवर जाहीर टीका केली, ती या पार्श्वभूमीवर. मला ती पूर्ण पटते. १२व्या पिढीपासून इंटेलच्या आय५, आय७, आय९ मध्येही ईसीसी मिळते, पण त्यासाठी डब्ल्यू६८० सारख्या ठरावीक चिपसेटचा बोर्ड घ्यावा लागतो. मे २०२४ मध्ये एएमडीने एपिक ४००४ काढला, तो रायझनच्याच एएम५ सॉकेटवर बसतो आणि मुळात रायझनच आहे.

नावावरून निवड करण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत. गेम, ऑफिसचं काम, फोटो-व्हिडिओचं संपादन यासाठी रायझन किंवा कोअर पुरेसा आहे. भरपूर मेमरी, तीन-चार ग्राफिक्स कार्डं, डझनभर डिस्क लागणार असतील तर चॅनेल आणि लेन मोजाव्या लागतात, आणि तिथे डेस्कटॉपचे दोन चॅनेल खरोखर तोकडे पडतात. घरचा डेटा वर्षानुवर्षं सांभाळायचा असेल तर ईसीसी चालणारा डेस्कटॉप प्रोसेसर, तसाच बोर्ड आणि अनबफर्ड (मधली चिप नसलेल्या) ईसीसी पट्ट्या एवढं बास होतं. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्त दिसतात म्हणून उचलू नका, साध्या बोर्डवर त्या चालत नाहीत. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीच्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ असे शब्द असतात, त्यांवरही विसंबू नका. ती चिपच्या आतल्या चुका सुधारते, चिप ते प्रोसेसर या रस्त्यावरचं काही पाहत नाही. पूर्ण ईसीसीसाठी जास्तीचे बिट आजही वेगळे लागतात. उलट डीडीआर५ मध्ये प्रत्येक पट्टीचे ३२ बिटांचे दोन भाग झाल्याने ते दोन्ही भागांना स्वतंत्र द्यावे लागतात.