'नेट एनपीए शून्य' म्हणजे थकबाकी शून्य नव्हे

सप्टेंबर उजाडला की नाशिकमधल्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. मेन रोडपासून सिडकोपर्यंत फलक झळकतात: ठेवी इतक्या, कर्जं इतकी, लाभांश इतका आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत 'नेट एनपीए ०%'. एनपीए म्हणजे बँकेचं थकीत ठरलेलं कर्ज. सभासद खूश होतो. म्हणजे आपल्या बँकेचं एकही कर्ज थकलेलं नाही! फलक खोटा नसतो. पण त्याचा अर्थ असा होत नाही.

ग्रॉस एनपीए म्हणजे थकीत ठरलेल्या खात्यांवरची सगळी येणे रक्कम, एकूण कर्जाच्या टक्केवारीत. नेट काढताना त्यातून बँकेनं संभाव्य बुडीतापोटी केलेली तरतूद वजा होते, आणि ज्या एकूण कर्जानं भागायचं त्यातूनही होते. १०० कोटी कर्जवाटप, ८ कोटी एनपीए, ५ कोटी तरतूद असेल, तर ग्रॉस ८ टक्के आणि नेट ९५ कोटींवर ३ कोटी, म्हणजे साधारण ३.१६ टक्के. तरतूद पूर्ण ८ कोटींची असली की नेट शून्य. ८ कोटी मात्र अजून यायचेच आहेत.

हे घडतं कसं, ते एका खात्यावर बघू. समजा अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपकडे नागरी सहकारी बँकेचे १ कोटी रुपये येणे आहेत आणि तारण यंत्रांची किंमत ६० लाख आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत गेलं. (कांद्यासारख्या कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन पीक हंगामांची सवलत असते, म्हणून निफाडच्या शेतकऱ्याचं खातं इतक्या लवकर जात नाही.) पहिलं वर्षभर १० टक्के तरतूद, म्हणजे १० लाख. वर्ष उलटलं की खातं 'संशयित' होतं. मग तारणाबाहेरच्या ४० लाखांवर पूर्ण तरतूद आणि तारणाच्या ६० लाखांवर २० टक्के, मिळून ५२ लाख. आणखी वर्षानं तारणाच्या भागावर ३० टक्के, म्हणजे एकूण ५८ लाख. संशयित होऊन तीन वर्षं उलटली की पूर्ण १ कोटी. व्यापारी बँकांना १०, २०, ३० ऐवजी साधारणपणे १५, २५, ४० टक्के लागतात.

आता त्या खात्याकडे पुन्हा बघा. ग्रॉसमध्ये ते शेवटपर्यंत १ कोटीच आहे. नेटमध्ये ते ९० लाख, ४८ लाख, ४२ लाख आणि मग शून्य झालं. कर्जदारानं एक रुपयाही भरलेला नाही. कर्ज नुसतं जुनं होत गेलं, तरी नेट सुधारला.

मग भार कुणी उचलला? बँकेच्या नफ्यानं. तरतूद नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून पडते; पैसे कुठे वेगळे काढून तिजोरीत ठेवलेले नसतात. त्या वर्षीचा नफा, पर्यायानं लाभांश आणि राखीव निधीतली भर, तेवढ्यानं कमी होते. पुढे वसुली झालीच, तर नको असलेली तरतूद परत नफ्यात घेता येते. म्हणून नेट शून्य करणाऱ्या बँकेला मी नावं ठेवणार नाही. नुकसान तिनं लपवलं नाही, पचवलं. मात्र ग्रॉस न सांगता नुसता नेट मिरवला, तर काय पचवलं ते गुलदस्त्यातच राहतं.

दोन आकड्यांत किती दरी पडू शकते याचं नामांकित उदाहरण आयडीबीआय बँकेचं आहे. मार्च २०२१ अखेर तिचा ग्रॉस एनपीए २२.३७ टक्के होता आणि नेट १.९७ टक्के. कर्जाचा पाचवा हिस्सा अडकलेला, पण बहुतेक सगळ्यावर तरतूद झालेली. रिझर्व्ह बँकेनं ते आर्थिक वर्ष संपण्याआधीच, मार्चमध्ये, थकीत कर्जांमुळे बँकेवर घातलेले निर्बंध उठवले.

फलकावर नेटच का येतो, याचं उत्तरही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सापडतं. नागरी सहकारी बँक आर्थिकदृष्ट्या सक्षम मानायची, तर इतर अटींबरोबर नेट एनपीए ३ टक्क्यांच्या आत लागतो. ६ टक्क्यांवर गेला की निर्बंधांची चौकट लागू होऊ शकते. शिक्षा-बक्षीस नेटवर, म्हणून जाहिरातही नेटची.

ठेवीदाराला नेट जास्त उपयोगी: अजून किती फटका बसू शकतो, ते त्यातून दिसतं. सभासदानं ग्रॉस बघावा, कारण कर्ज देताना संचालक मंडळानं किती पारख केली, ते तिथं उघडं पडतं. अहवालाच्या मागच्या पानांत एनपीएतील बदलांचा तक्ता असतो: सुरुवातीची शिल्लक, वर्षातली भर, वसुली, निर्लेखन. ग्रॉस घटला असेल, तर वसुलीमुळे की निर्लेखनामुळे, ते तिथं कळतं. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. खातं ताळेबंदातून जातं, देणं आणि वसुलीचा हक्क कायम राहतो. आणि 'वर्षातली भर' दरवर्षी फुगत असेल, तर नेट शून्य असला तरी चूक कर्ज मंजुरीच्या टेबलावरच होते आहे, असं मी तरी धरून चालतो.